पलतड

आजीने कधी पूर्व-पश्चिम म्हटलं नाही. ओढ्याच्या अलीकडे ती अलतड, पलीकडे ती पलतड. गाय परतली नाही की ‘पलतडी बघ जा’, पाहुणे आले की ‘पलतडचे आले’, आणि गावात कुणी वारलं तर तेही तिच्या बोलण्यात पलतडीच गेलं. कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात दर डोंगराआड एक ओढा आणि दर ओढ्यावर एक साकव. दोन आडवी खोडं, वर बांबूच्या कांबी, धरायला रानवेल. पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जायचा आणि दिवाळीनंतर गावाने पुन्हा बांधायचा. मधले चार-पाच महिने पलतड फक्त दिसायची. हाक मारली तर पाण्याच्या आवाजात ती पोचायची नाही, म्हणून हातवारे करून बोलायचं. कुणाकडे बाळंतपण आहे, कुणाकडे मयत आहे, एवढं हाताने सांगता येतं.

या शब्दाची पुन्हा गाठ पडली ती २००९ साली, वर्तमानपत्रात. ‘पलतडाचो मुनिस’ या कोकणी चित्रपटाला टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात फिप्रेस्की या जागतिक समीक्षक संघटनेचा ‘डिस्कव्हरी’ विभागातला पुरस्कार मिळाला होता. दिग्दर्शक गोव्याचे लक्ष्मीकांत शेटगावकर, त्यांचा हा पहिलाच कथापट. निर्मिती एनएफडीसी या सरकारी संस्थेची. गोष्ट गोवा-कर्नाटक सीमेवरच्या सह्याद्रीच्या जंगलातली. बायको गेल्यानंतर सरकारी घरात एकट्याने राहणारा विनायक नावाचा वनरक्षक, जंगलात भटकणारी एक वेडी बाई, त्या दोघांत हळूहळू जुळत गेलेलं काहीतरी, आणि ते न सोसणारा गाव. दुसऱ्या अंगाने, जंगलाच्या जमिनीवर देऊळ उठवायला निघालेली माणसं आणि त्यांच्या आड येणारा हाच वनरक्षक.

बातमी मी दोनदा वाचली. सीमेवरचं जंगल म्हणजे आमचंच. ओंडक्यावर गोव्याचा शिक्का पडला की कर्नाटकाचा, एवढाच फरक. आणि माझे आजोबा याच जंगलात आयुष्यभर फॉरेस्ट गार्ड होते.

चित्रपटाचं इंग्रजी नाव ‘द मॅन बियॉंड द ब्रिज’, म्हणजे पुलापलीकडचा माणूस. जगाला समजायला ते ठीकच. पण मूळ नावात पूल नाही. तड म्हणजे काठ. ‘पलतडाचो’ म्हणताना कोकणी माणसाच्या मनात आधी पाणी येतं, मग पलीकडचा काठ, मग तिथे उभा असलेला माणूस. पूल ही नंतरची गोष्ट, आणि ती असेलच असंही नाही. आमच्याकडे वर्षातले निम्मे दिवस ती नसायचीच.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला तिचं नाव वेगळंच आहे: ‘अदृष्ट’. लेखक महाबळेश्वर सैल, १९४३ साली कारवारजवळच्या माजाळीत जन्मलेले. तरुणपणी सैन्यात होते. त्यांच्या ‘तरंगां’ या कथासंग्रहाला १९९३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कुंभारांच्या जगण्यावरच्या ‘हावठण’ या कादंबरीला २०१६ सालचा सरस्वती सन्मान. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘काळी गंगा’. ती काळी म्हणजे आमची काळी नदी. तिचा उगम जोयडा तालुक्यात दिग्गीच्या परिसरात, आणि १८४ किलोमीटर वाहून ती कारवारला समुद्राला मिळते. माजाळी त्या मुखापासून फार लांब नाही. नदी आमच्याकडे जन्मते, त्यांच्याकडे संपते. ज्या लेखकाने हा वनरक्षक कागदावर उभा केला तो आमच्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे, हे कळल्यावर मला त्या चित्रपटाबद्दल जी ओढ वाटू लागली ती पुरस्काराच्या बातमीने वाटली नव्हती.

‘अदृष्ट’ आणि ‘पलतडाचो मुनिस’ ही दोन नावं शेजारी ठेवून मी पुष्कळ विचार केला आहे. अदृष्ट म्हणजे न दिसणारं, कपाळावर लिहिलेलं, दैव. कादंबरीकाराला न दिसणारं दाखवायची मुभा असते. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते तो सरळ सांगू शकतो. कॅमेऱ्याला ती मुभा नाही, त्याला दिसेल तेवढंच घ्यावं लागतं. म्हणून चित्रपटाच्या नावातून दैव गेलं आणि माणूस आला, तोही कुठे उभा आहे ते सांगून. कादंबरीचा चित्रपट होताना पडद्यामागे काय काय घडतं याचे किस्से पुष्कळ असतात. कुठल्या नटाने किती वजन कमी केलं, कुठे पावसाने चित्रीकरण थांबलं वगैरे. मला मात्र सगळ्यात मोठी पडद्यामागची गोष्ट या नावबदलात दिसते. एका कलेने दुसऱ्या कलेच्या हातात गोष्ट देताना काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, ते त्यात आहे.

*

आजोबा १९२९ सालचे. १९५१ मध्ये गार्ड म्हणून लागले तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. कचेरीचा कारभार मराठी-इंग्रजीत चालायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कागद कन्नडमध्ये येऊ लागले. १९७३ च्या नोव्हेंबरात म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. ‘एका खाकी शर्टाने मी तीन सरकारं बघितली,’ असं ते म्हणत. कन्नड ते डेपोतल्या कारकुनाकडून शिकले, सागाच्या ओंडक्यांवर खडूने अक्षरं गिरवून. घरात कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड हे आमच्याकडे अजून तसंच आहे.

त्यांच्या गोष्टींत सगळ्यात जास्त वेळा यायचं ते कॅसलरॉक. आता ते घाटातलं एक शांत स्टेशन आहे. पण १९६१ पर्यंत ते हद्दीवरचं स्टेशन होतं. १८८८ पासून मुरगावच्या बंदरातून निघालेली गाडी घाट चढून इथे यायची. खाली कुळे पोर्तुगीजांचं, वर कॅसलरॉक आपलं. दोन्हीकडे जकातीसाठी सामान उघडायचं. आजोबांचे वडील तिथे हमाली करत. लोकांच्या ट्रंकेत काय असतं ते त्यांना तोंडपाठ होतं: जाताना कांदे आणि खण, येताना घड्याळं आणि अत्तर. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारताने हद्द बंद केली. गाड्या थांबल्या. कॅसलरॉकच्या पुढच्या रुळांत गवत उगवलं, ते आजोबांनी पाहिलं होतं.

आजीची धाकटी बहीण गोव्यात, सांग्याला दिलेली. हद्द बंद झाली तेव्हा ती पोटुशी होती. मुलगा झाला की मुलगी, हे आजीला कळलं तेव्हा तो मुलगा साकवावरून पळायच्या वयाचा झाला होता. इतक्या वर्षांत आजीने तिला पाहिलं नाही, पण पहिल्या वाफ्याचं भात झोडलं की दोन मुठी बाजूला काढायची. कुणासाठी म्हटलं तर म्हणायची, पलतडी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. पुढच्या महिन्यात ती दिग्गीच्या वाटेने उतरून बहिणीकडे पायी गेली, डोक्यावर कोन आणि मुडलीचं गाठोडं घेऊन. कोन आणि मुडली ही आमच्या रानातली कंदमुळं. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हा नियम, मग मधे सहा वर्षं गेली असली तरी.

ही हद्द गेली, पण ती सगळी गेली असं नाही. २००३ मध्ये गोव्यातल्या कुणबी, गावडा, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्यातले कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षं करत आले. एकाच कुळाच्या, एकाच देवाच्या, एकमेकांत सोयरीक असलेल्या माणसांचं कागदावरचं नाव ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. मला हे फार लागतं.

आणि आमचं सुपा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, तालुक्याला नाव देणारं. तिथे आजीचा संसार होता. अंगणात शेणाने सारवलेली पडवी, मागे केळी. काळी जलविद्युत प्रकल्पाचं धरण गणेशगुडीला बांधलं गेलं. १०१ मीटर उंच. १९८७ साली ते पुरं झालं. त्याच वर्षी आजोबा निवृत्त झाले. सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि विस्थापितांपैकी पुष्कळ जण रामनगरला वसले. आम्हीही त्यांतलेच. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. रामनगरच्या बाजारात म्हातारी माणसं हा आकडा जन्मतारखेसारखा सांगतात. आजीच्या बोलण्यात सुपाही पलतडी गेलं. फक्त या तडीला कुठलाच साकव जात नाही.

*

आजोबांनी चित्रपट पाहिला तो २०११ च्या पावसाळ्यात, रामनगरच्या घरी. मी डीव्हीडी घेऊन गेले होते. तोवर त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता, २००९ सालचा सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट म्हणून. बर्लिनच्या महोत्सवातही तो दाखवला गेला होता. मी हे सगळं आजोबांना कौतुकाने सांगत होते आणि ते चष्मा पुसत होते. आजी दाराशी सुपात तांदूळ निवडत बसली. ‘मी ऐकते,’ म्हणाली.

विनायकाचं काम चित्तरंजन गिरी यांनी केलंय आणि त्या बाईचं आपल्या मराठी रंगभूमीवरच्या वीणा जामकर यांनी. आजोबा नटांची नावं विचारणाऱ्यांतले नव्हते. ते जंगल बघत होते. ‘हा किंदळ. हा ऐन. ही तोडायला तयार झालेली मत्ती,’ असं स्वतःशी चाललं होतं. ऐन आणि मत्ती हे एकाच झाडाचं मराठी आणि कन्नड नाव, हे त्यांना माहीत होतं. पण नोकरीत मत्ती आणि घरी ऐन अशी सवय लागली ती लागली. मग हळूहळू ते बोलायचे थांबले.

विनायक त्या बाईला खायला देऊ लागतो, तिथवर आलो आणि वीज गेली. रामनगरात पावसाळ्यात ती जातेच. कंदील शोधायला मी उठले तर आजोबा म्हणाले, ‘बस. राहू दे.’

आणि अंधारात त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या ब्याऐंशी वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

१९५८ चा पावसाळा. दिग्गीच्या वरच्या अंगाला, गोव्याच्या हद्दीलगत त्यांची चौकी. एक खोली, एक पडवी, पुढे ओढा. त्या बाजूला दुसरं घर नाही. महिन्यातून एकदा सुप्याला उतरायचं, शिधा घ्यायचा, चढायचं. आश्लेषा चालू होत्या. रात्री कुत्रं ओरडलं म्हणून कंदील घेऊन बाहेर आले तर पडवीच्या वळचणीला एक बाई. डोक्यावर गोणपाट, केसांच्या जटा, पायांना जळवा लागलेल्या. नाव विचारलं, गाव विचारलं, उत्तर नाही. एकच सूर, गुणगुणल्यासारखा. हद्दीच्या अंगाने आलेली, म्हणजे पलतडची. तिकडून येणाऱ्या माणसाची खबर ठाण्यात द्यायची असा त्या वेळचा हुकूम. आजोबा एकोणतीस वर्षांचे, नोकरीला सात वर्षं झालेली, घरी दोन पोरं. त्यांनी आत जाऊन कडी लावली.

सकाळी करवंटीत पेज घालून पडवीसमोरच्या दगडावर ठेवली आणि गस्तीला गेले. परत आले तेव्हा करवंटी रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी पेज, कधी कुळथाची पिठी, कधी नुसता मिठाचा भात. ते असताना ती जवळ यायची नाही. गेले की खायची. पाच-सहा आठवडे असं चाललं. खबर त्यांनी दिली नाही. गार्डाला रोजची डायरी लिहावी लागे. त्या दिवसांच्या पानांवर त्यांनी लिहिलं: गस्त केली. पाऊस. विशेष काही नाही.

‘रोज तेच लिहिलं,’ आजोबा म्हणाले. ‘विशेष काही नाही.’

मग एक रात्र. वारा असा की कौलं हलत होती. ती दारावर आली. हाका नव्हत्या, फक्त तळहात आपटण्याचा आवाज. आजोबा आत कंदिलासमोर बसून होते. उठावं असं वाटलं. दार उघडलं तर पुढे काय, तेही वाटलं. उजाडलं आणि कळलं तर गाव काय म्हणेल, साहेब काय म्हणतील, सुप्याला काय सांगायचं. पुष्कळ वेळाने आवाज थांबला. सकाळी पडवीत कुणी नव्हतं. दगडावर करवंटी पालथी होती. त्यानंतर ती दिसली नाही. ओढ्याला त्या रात्री मोठं पाणी होतं, एवढं ते म्हणाले आणि गप्प झाले.

पावसाचा आवाज तेवढा. मला वाटलं आजी झोपली असेल. तेवढ्यात सुपात तांदूळ हलला.

‘त्या पावसात तुमचा शिधा वीस दिवसांत संपायचा,’ आजी म्हणाली. ‘तुम्ही एकटे तेवढं खाणारे नव्हे. म्हणून मी पुढच्या खेपेला दोन पायल्या जास्त बांधल्या. आणि माझं जुनं लुगडं दिलं, गळतं तिथे लावा म्हणून.’

‘लुगडं मी दगडावर ठेवलं होतं,’ आजोबा म्हणाले. ‘तिने नेसलं होतं.’

‘बरं केलंत,’ आजी म्हणाली.

त्रेपन्न वर्षांत या दोघांनी या विषयावर बोललेलं हे इतकंच. वीज आली. पडद्यावर विनायक होता तिथेच उभा होता. आजोबांनी मला खूण केली आणि मी पुढे लावलं. शेवटपर्यंत ते काही बोलले नाहीत. संपल्यावर फक्त विचारलं, ‘हे लिहिणारा कुठला?’ माजाळीचा म्हटलं. ‘म्हणजे आमच्याच नदीचा,’ ते म्हणाले.

*

या रात्रीनंतर कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. रानातली एक कादंबरी आपल्या मराठीत पडद्यावर फार सुंदर आली आहे, गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिचा चित्रपट केला, निर्मिती उषा मंगेशकरांची, नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. ठाकरांचं जगणं, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीशी मांडलेलं वैर. गोनीदांच्या निवेदनातलं जे पडद्यावर बोलून दाखवता येणार नव्हतं, ते ना. धों. महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी उचललं. जवळजवळ सगळी कथा गाण्यांच्या खांद्यावर चालते. ‘पलतडाचो मुनिस’ची वाट त्याहून वेगळी. इथे मनातलं सांगायची जबाबदारी एका माणसाच्या चेहऱ्यावर आणि भोवतीच्या झाडांवर येते. मला दोन्ही वाटा प्रिय आहेत. पण आजोबांसारखा माणूस गाण्यातून सापडला नसता. ज्याने डायरीत आयुष्यभर ‘विशेष काही नाही’ लिहिलं, त्याला शोधायला तेवढीच शांतता लागते.

२००९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांची यादी मी पुढे मुद्दाम काढून पाहिली. कोकणीत ‘पलतडाचो मुनिस’, सैलांच्या कादंबरीवरून. मराठीत ‘नटरंग’, आनंद यादवांच्या कादंबरीवरून, रवी जाधवांचा पहिला चित्रपट. कन्नडमध्ये गिरीश कासरवळ्ळींचा ‘कनसेंब कुदुरेयनेरी’, अमरेश नुगडोणींच्या कथेवरून. आमच्या घरातल्या तिन्ही भाषा, तिघींचे त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि तिन्ही साहित्यातून आलेले. जोयड्यातल्या कुणालाही हे सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो, मग त्याने यांतला एकही पाहिलेला नसेना का. कोकणीची वाट तर तिघींत सर्वांत अवघड. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० साली आला आणि पुढे पन्नास-साठ वर्षांत आलेले चित्रपट मोजायला फार वेळ लागत नाही. बोलणारे कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ असे विखुरलेले, लिप्याही वेगवेगळ्या. अशा भाषेतली कादंबरी एका नव्या दिग्दर्शकाच्या हाती लागावी, सरकारी संस्थेने पैसा घालावा आणि तो चित्रपट टोरांटोपर्यंत जावा, यामागे किती माणसांनी किती दिवस हट्ट धरला असेल!

आणखी एक गोष्ट मला नंतर सापडली. तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपल्या भावाकडे कारवारला राहिले होते. सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते. काळीच्या पाण्यावरून चांदण्यात होडीने केलेल्या फेरीची आठवण रवींद्रनाथांनी पुढे लिहून ठेवली. तिथेच त्यांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिलं, ते १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एक संन्यासी आहे. जगाशी नातं तोडून बसलेला. त्याच्याकडे गावाने दूर लोटलेली एक पोरकी मुलगी येते, जीव लावते. मोह नको म्हणून तो तिला सोडून जातो. पुढे तिच्यासाठी माघारी येतो, तेव्हा ती मेलेली असते. एकाच नदीच्या काठी, शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने, दोन लेखकांना एकटा पुरुष आणि कुणाची नसलेली बाई दिसली. एकाचा संन्यासी निघून गेला, दुसऱ्याच्या वनरक्षकाने दार उघडलं. मधल्या काळात, नदीच्या वरच्या टोकाला, आजोबा कडी लावून बसले होते. सैलांनी किंवा शेटगावकरांनी ही चौकी पाहिली असणं शक्य नाही. मला ते हवंही नाही. कुठल्यातरी अशाच चौकीत, कुठल्यातरी अशाच रात्री, असं एवढंच पुरे.

*

त्या दिवाळीत मी ‘अदृष्ट’ घेऊन गेले. आजोबांना कोकणी वाचायची सवय नव्हती. आयुष्यात वाचलं ते मराठी आणि कन्नड. मग मी मोठ्याने वाचायची. दुपारी जेवणानंतर पडवीत, ते आरामखुर्चीत, आजी खाली चटईवर. एखादा शब्द अडला की आजी सोडवायची, कारण तो तिच्या बहिणीच्या तोंडचा असायचा. चित्रपटात जे घडताना दिसलं होतं ते इथे आतून यायचं, आणि आजोबा मधेच हात वर करायचे. मी थांबायची. ते काही वेळ रस्त्याकडे बघायचे, मग म्हणायचे, ‘हं, पुढे.’ रोज आठ-दहा पानांपलीकडे जमायचं नाही.

वाचून झाल्यावर आजोबांनी चौकी बघायची आहे असं सांगितलं. मी नको म्हटलं, गुडघे दुखतात, वाट नाही. पण त्यांनी ऐकलं नाही. मे महिन्यात गेलो. जीप दिग्गीच्या अलीकडे ठेवून पुढे चालत. आजीने डबा दिला होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि मुडलीची भाजी. १९८७ मध्ये अणशीचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प. पलीकडच्या भागात आता परवानगीशिवाय जायचं नाही. एकेकाळी याच जंगलाची राखण केलेला माणूस फलकासमोर उभा राहून फलक नीट वाचत होता. कन्नड अक्षरं, डेपोत खडूने गिरवलेली.

ओढ्यापर्यंत पोचलो. पाणी घोट्याएवढं. साकव नव्हता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडी बैठकी तेवढ्या उरल्या होत्या. चौकी दिसत नव्हती. आजोबांनी काठीने दाखवलं, ‘तो ऐन दिसतो ना, त्याच्या डावीकडे.’ तिथे रान माजलं होतं. मला वाटलं ते पलीकडे जातील, पाणी तर काहीच नव्हतं. ते गेले नाहीत. हुकूम तो हुकूम.

मी डबा उघडला. एक भाकरी वेगळी काढून काठावरच्या दगडावर ठेवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ‘जंगलात अन्न टाकायचं नाही,’ ते म्हणाले. ‘जनावरांना सवय लागते.’ मग आम्ही दोघांनी पलतडीकडे तोंड करून सगळा डबा संपवला. शेवटची भाकरी त्यांनी मोडून अर्धी मला दिली. मग वाकून ओढ्यात डबा धुतला, दोनदा, आणि आम्ही परत फिरलो.